वीस डॉलरचा जुना पत्ता : हूइज आणि .मोबीचं प्रकरण

टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडायचं, 'हूइज' लिहायचं, पुढे डोमेनचं, म्हणजे साइटचं नाव आणि एन्टर. सेकंद-दोन सेकंदांत पानभर मजकूर येतो. नाव कधी घेतलं, मुदत कधी संपते, रजिस्ट्रार, म्हणजे नाव विकणारं दुकान, कोणतं, नेमसर्व्हर कोणते. सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाचा हात या कमांडवर इतका बसलेला असतो की तिच्याकडे तो धड बघतही नाही. माझंही तेच. गिऱ्हाईक 'साइट बंद आहे' म्हणून फोन करतं, तेव्हा डावा कान फोनला आणि उजवा हात हूइजला. दहातल्या दोन-तीन वेळा रोग तिथेच सापडतो : नावाचे पैसे भरायचे राहिलेले असतात.

पण पडद्यावर आलेला हा मजकूर दिला कुणी? कमांडनं प्रश्न नेमका कुणाला विचारला, आणि त्यालाच विचारायचं हे तिला कुणी सांगितलं? २०२४ च्या ऑगस्टअखेरपर्यंत हे मी स्वतःला फारसं विचारलं नव्हतं. त्या वर्षीच्या सप्टेंबरात वॉचटॉवर लॅब्ज या सुरक्षा-संशोधकांच्या गटानं एक प्रकरण जाहीर केलं. त्यांनी मुदत संपलेलं एक डोमेन वीस डॉलरला विकत घेतलं आणि जगभरातली लाखभराहून जास्त यंत्रं '.मोबीतलं हे नाव कुणाचं?' हा प्रश्न त्यांना विचारायला लागली. (.मोबी म्हणजे .कॉमसारखीच नावाची शेवटची शेपटी, मोबाइलच्या साइटसाठी काढलेली.) कुणाच्याही सर्व्हरमध्ये ते घुसले नव्हते. सोडून दिलेल्या घराचं भाडं भरून त्यांनी दार उघडं ठेवलं, एवढंच.

हूइजला पत्ता कुठून मिळतो

हूइज हा इंटरनेटवरचा फार जुना आणि फार साधा प्रोटोकॉल. १९८२ साली आरएफसी ८१२ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम लिहिलेली क्रमांकित टिपणं) तो पहिल्यांदा लिहिला गेला, तेव्हा अरपानेटवरच्या, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावरच्या, माणसांची आणि यंत्रांची वही कॅलिफोर्नियातल्या एसआरआय या संस्थेतल्या नेटवर्क इन्फर्मेशन सेंटरमध्ये ठेवलेली असे. वही एकच, ती ठेवणारं ठिकाणही एकच. त्यामुळे 'कुणाला विचारायचं' हा प्रश्नच नव्हता. आज चालतो तो आरएफसी ३९१२, सप्टेंबर २००४ चा. तो वाचायला चहाचा एक कप पुरतो. सर्व्हरच्या ४३ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे दारावर, टीसीपी जोडणी करा, प्रश्नाची एक ओळ पाठवा, तो मजकूर देईल आणि जोडणी तोडेल. संपलं. मजकूर कोणत्या साच्यात असावा, कोणत्या लिपीत, कोणत्या एन्कोडिंगमध्ये, यावर काही नाही. उत्तर खरंच त्या सर्व्हरकडून आलं की वाटेत कुणी बदललं, हे तपासायची सोयही नाही.

(लिपीचा त्रास आपल्याला थेट होतो. देवनागरी .भारत २०१४ साली सुरू झालं आणि त्यात मराठी नावंही घेता येतात. पण हूइजच्या तारेवरून देवनागरी धाडायचा काही नियम नसल्यामुळे '.भारत'ला आधी 'एक्सएन--एच२बीआरजे९सी' व्हावं लागतं. कमांडचे चांगले अवतार हे रूपांतर आपल्या आपण करतात. जुन्या अवतारांत ते आपल्याला हातानं करावं लागायचं.)

आता वही एक राहिलेली नाही. हजाराहून जास्त टीएलडी आहेत, म्हणजे .कॉम, .इन, .मोबी अशा शेवटच्या शेपट्या, आणि जवळपास प्रत्येकीची वही वेगळ्या सर्व्हरवर. मग आपण 'हूइज अमुक डॉट मोबी' म्हटल्यावर कमांडला कसं कळतं की कुठे जायचं?

इथे दोन घराणी आहेत. फ्रीबीएसडी आणि मॅकवरची कमांड सहसा आधी आयानाला विचारते. आयाना म्हणजे इंटरनेटच्या नावा-क्रमांकांची मूळ नोंद ठेवणारी यंत्रणा. तिच्या उत्तरात 'रेफर' अशी एक ओळ येते : मोबीचं विचारायचं तर अमक्या सर्व्हरकडे जा. कमांड तिकडे जाते, आणि पडद्यावर त्या सर्व्हरचं नावही छापते. दुसरं घराणं डेबियन, उबुंटू वगैरे लिनक्सवर चालणाऱ्या कमांडचं. तिच्या पोटातच टीएलडी आणि सर्व्हर यांची यादी बांधलेली असते. प्रोग्रॅम तयार करताना यादी आत गेली की पुढची आवृत्ती बसवेपर्यंत तीच. हिचा फायदा म्हणजे एक फेरी वाचते. तोटा असा की कुणाला विचारलं हे ती आपण होऊन सांगत नाही. 'व्हर्बोज' हा पर्याय जोडला, तरच 'अमुक सर्व्हर वापरत आहे' अशी ओळ दिसते. इतकी वर्षं मी तो पर्याय क्वचितच जोडला असेन.

आणि तिसरं एक घराणं आहे, ज्याला घराणं म्हणणंही जड जातं. कुणीतरी पीएचपीत, पायथनमध्ये किंवा गो भाषेत स्वतःचा हूइज क्लायंट, म्हणजे प्रश्न विचारणारा प्रोग्रॅम, लिहितं, इंटरनेटवर सापडलेली सर्व्हरांची यादी त्यात चिकटवतं, प्रोग्रॅम चालतो, ग्राहक खूश होतो, आणि त्या यादीकडे पुन्हा कुणी वळून बघत नाही. स्पॅम अडवणाऱ्या पेट्या, डोमेन विकणारी दुकानं, सुरक्षा कंपन्यांच्या साइट्स, सगळीकडे असले क्लायंट बसलेले आहेत. पुढच्या प्रकरणात मुख्य काम यांचंच आहे.

.मोबीची तीन घरं

.मोबी ज्या काळात जन्मलं तो काळ आठवला तर आज गंमत वाटते. फोनचा पडदा काडेपेटीएवढा होता आणि साइटची फोनसाठी वेगळी, बारकी आवृत्ती काढावी लागे. तिच्यासाठी वेगळी शेपटी हवी म्हणून गूगल, मायक्रोसॉफ्ट, नोकिया, सॅमसंग, व्होडाफोन अशा मोठ्यांनी मिळून पाठबळ दिलं, इंटरनेटवरच्या नावांचे नियम ठरवणाऱ्या आयकॅन या संस्थेनं २००५ मध्ये मान्यता दिली आणि डब्लिनमधल्या कंपनीनं कारभार सुरू केला. २००७ मध्ये आयफोन आला. काही वर्षांतच फोनवर सगळी पानं नीट उघडायला लागली आणि .मोबीचं कारणच उरलं नाही. शेपटी मात्र उरली. शेपट्या सहसा मरत नाहीत.

२०१० मध्ये अफिलियासनं ही कंपनी घेतली. हे नाव आपल्याकडे अगदीच अनोळखी नाही : २००५ साली .इन सर्वांसाठी खुलं झालं तेव्हा त्यामागचं तंत्र अफिलियासच चालवत होती, पुढे ते काम न्यूस्टारकडे गेलं. २०२० च्या शेवटी अफिलियास डोनट्सकडे गेली आणि २०२२ मध्ये डोनट्सनं आयडेंटिटी डिजिटल असं नाव घेतलं. दुकान तेच, पाटी बदलत गेली.

या घालमेलीत वहीचा सर्व्हरही हलला. जुना पत्ता होता हूइज डॉट डॉटमोबीरजिस्ट्री डॉट नेट. (नावातच 'डॉट' हा शब्द अक्षरांत आहे. फोनवरून हा पत्ता सांगणाऱ्याचं काय होत असेल!) नवा पत्ता हूइज डॉट एनआयसी डॉट मोबी. आयकॅनच्या नव्या करारांत हा साचाच ठरलेला आहे : हूइज, एनआयसी, आणि पुढे जी शेपटी असेल ती. साचा शहाणपणाचा आहे, कारण यात वहीचा पत्ता त्या शेपटीच्याच पोटात राहतो. .मोबी जिवंत आहे तोवर एनआयसी डॉट मोबी दुसऱ्या कुणाच्या हाती जाणार नाही.

जुन्या पत्त्याला असलं कवच नव्हतं. तो .नेटखाली होता, म्हणजे कुणीही वर्षाचे पैसे भरून घ्यावं असं साधं डोमेन. नवीन घर झालं, आयानाच्या नोंदीत नवा पत्ता लागला, आणि जुन्याचं काम संपलं असं कुणाला तरी वाटलं असणार. डिसेंबर २०२३ मध्ये डॉटमोबीरजिस्ट्री डॉट नेटची मुदत संपली आणि कुणी ती वाढवली नाही.

मुदत संपलेलं .नेट डोमेन लगेच बाजारात येत नाही. रजिस्ट्रार साधारण ४५ दिवसांपर्यंत थांबू शकतो, त्यानंतर ३० दिवस मूळ मालकाला दंड भरून ते सोडवता येतं, मग पाच दिवस 'खोडायच्या वाटेवर', आणि त्यानंतर येईल त्याला. त्या शेवटच्या पाच दिवसांआधी कधीही मालकाला ते परत घेता आलं असतं. ज्यांच्या यादीत जुना पत्ता होता त्यांना इतके महिने .मोबीचं खरं उत्तर मिळणं शक्यच नव्हतं, तरी कुणी ओरडल्याचं दिसत नाही. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त खुपतं ते हे. माणसानं कमांड चालवून उत्तर आलं नाही तर तो चिडतो आणि शोध घेतो. यंत्रानं विचारलं आणि उत्तर आलं नाही, तर लॉगमध्ये एक ओळ पडते आणि ते पुढच्या कामाला लागतं.

वीस डॉलर

वॉचटॉवरची मंडळी शोधत होती वेगळंच. २०२४ च्या उन्हाळ्यात लास व्हेगसमध्ये सुरक्षा परिषदांसाठी जमलेली असताना त्यांच्या डोक्यात हूइजचे क्लायंट होते. क्लायंट दुर्बळ असू शकतात हे आधीपासून माहीत होतं. पीएचपीहूइज या लायब्ररीत सर्व्हरनं पाठवलेला मजकूर थेट पीएचपी कोड म्हणून चालवला जाईल असं छिद्र होतं, सीव्हीई-२०१५-५२४३ या क्रमांकाचं (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या छिद्रांची क्रमवार यादी). फेल२बॅनमधलं सीव्हीई-२०२१-३२७४९ त्याहून चविष्ट आहे. फेल२बॅन हे हल्ला करणाऱ्या आयपीला, म्हणजे यंत्राच्या नेटवरच्या पत्त्याला, बंदी घालणारं साधन. ते बंदी घालून झाली की त्या आयपीचा हूइज काढतं आणि आलेला मजकूर मेलमध्ये भरून ॲडमिनला पाठवतं. पण मेल पाठवणाऱ्या एका प्रोग्रॅममध्ये ओळीच्या सुरुवातीला नागमोडी रेघ आणि उद्गारचिन्ह आलं की पुढचा मजकूर कमांड म्हणून चालतो. म्हणजे हूइजच्या उत्तरात तशी एक ओळ घातली की रक्षकाच्याच हातून, रूटच्या म्हणजे यंत्राच्या सर्वोच्च अधिकारानं, ती चालणार. कुंपणानं शेत खावं तसं.

या दोन्हींवर नेहमी एकच आक्षेप घेतला जाई : ठीक आहे, पण हूइजचं उत्तर हल्लेखोराच्या हातात येणार कसं? त्यासाठी एक तर वाटेत बसायला हवं, नाहीतर एखाद्या टीएलडीचा सर्व्हर ताब्यात हवा. दोन्ही अवघड, म्हणून धोका कागदावरचा.

मग त्यांना डॉटमोबीरजिस्ट्री डॉट नेट मोकळं पडलेलं दिसलं. वीस डॉलर भरले, डोमेन हाती आलं. ३० ऑगस्ट २०२४ ला त्यांनी जुन्याच पत्त्यावर एक हूइज सर्व्हर उभा केला आणि जुन्या पत्त्यावर अजून कोणी येतं का ते बघत बसले. अपेक्षा होती की दोन-चार विसरलेली यंत्रं येतील. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तसा प्रकार होता, फक्त या नागोबानं कुणाला चावायचं नाही असं ठरवलं होतं.

४ सप्टेंबरपर्यंत १,३५,००० हून जास्त वेगवेगळ्या यंत्रांनी मिळून २५ लाख प्रश्न विचारले होते. पाच दिवसांत.

आलेल्यांची यादी वाचताना मला आपलेच शेजारी ओळीत उभे दिसावेत तसं झालं. डोमेन विकणारी मोठी दुकानं होती. व्हायरसटोटलसारखी सुरक्षेची साधनं होती, ज्यांच्या पानावर आपण संशयास्पद डोमेन टाकतो आणि आलेल्या उत्तरावर डोळे झाकून विश्वास ठेवतो. त्या पानावर .मोबीतल्या नावासाठी आता वॉचटॉवरनं रचलेला मजकूर दिसत होता, तोही अक्षरांची चित्रं काढलेला. प्रत्येक .मोबी नावाचा मालक म्हणून ते आपलंच नाव देत होते.

आणि मेल सर्व्हर होते. सरकारी, लष्करी, विद्यापीठांचे. अमेरिका, इस्रायल, पाकिस्तान, फिलिपिन्स आणि भारत अशा देशांतल्या सरकारी यंत्रणांचे. मेल सर्व्हरला हूइजशी काय करायचंय? स्पॅमची गाळणी. मेल आली की पाठवणाऱ्याचं डोमेन किती जुनं आहे हे काही गाळण्या बघतात, कारण काल घेतलेल्या डोमेनवरून आज आलेली मेल बहुतेक वेळा चांगली नसते. कल्पना चांगली आहे, मीही वापरलेली आहे. पण तिचा उलटा अर्थ असा : .मोबीवरून एखाद्या खात्याला मेल टाकली की त्यांचा सर्व्हर आपण होऊन तुमच्या दारात येतो. मग त्याचा क्लायंट कच्चा असेल, तर तुम्ही दिलेला मजकूर तो पोटात घेणार. कागदावरचा धोका आता घरपोच मिळत होता.

प्रमाणपत्र

इथवर प्रकरण सुरक्षा क्षेत्रापुरतं होतं. पुढची पायरी साध्या माणसापर्यंत पोचते.

ब्राउझरमधलं कुलूप, म्हणजे टीएलएसचं प्रमाणपत्र, देणाऱ्या संस्था डोमेनचा मालक कोण हे तपासूनच ते देतात. तपासायचे मार्ग ठरलेले आहेत. डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून यंत्राचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत, एक नोंद टाकून दाखवा, साइटवर एक फाइल ठेवा, किंवा मेलवर आलेला दुवा उघडा. मेल पाच ठरावीक पत्त्यांवर जाऊ शकते : ॲडमिन, ॲडमिनिस्ट्रेटर, वेबमास्टर, होस्टमास्टर, पोस्टमास्टर. आणि तेव्हाच्या नियमांनी आणखी एका ठिकाणी : हूइजमध्ये संपर्क म्हणून जो पत्ता असेल तिथे.

२०१८ च्या मे महिन्यात युरोपचा जीडीपीआर कायदा लागू झाल्यापासून हूइजमध्ये असले पत्ते क्वचितच दिसतात. जिकडे तिकडे 'गोपनीयतेसाठी झाकलं' अशी ओळ. माणसांनी तिथे पत्ता शोधणं कधीच सोडून दिलं होतं. पण यंत्रांना तसं कुणी सांगितलं नव्हतं, ती विचारत राहिली.

वॉचटॉवरनं नमुन्याला मायक्रोसॉफ्ट डॉट मोबी हे नाव निवडलं आणि प्रमाणपत्राच्या मागणीची पहिली पायरी करून पाहिली. ग्लोबलसाइन या प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या पडद्यावर पडताळणीसाठी जे मेल पत्ते निवडायला आले, त्यांत वॉचटॉवरच्याच सर्व्हरनं दिलेला वॉचटॉवरचाच पत्ता होता. एक क्लिक, एक मेल, आणि मायक्रोसॉफ्टच्या नावाचं खरंखुरं प्रमाणपत्र हाती आलं असतं. ते तिथेच थांबले. प्रमाणपत्र घेतलं नाही. मार्ग सुरू आहे हे दिसलं, पुढे जाण्यात शहाणपण नव्हतं, आणि माझ्या मते त्यांच्या सगळ्या कामातला सर्वात चांगला निर्णय हाच.

दोष कुणाचा

चर्चेत बहुतेकांनी बोट दाखवलं ते रजिस्ट्रीकडे, म्हणजे .मोबीची वही सांभाळणाऱ्या कंपनीकडे : वर्षाला काही डॉलरसाठी हे डोमेन का सोडलं? बरोबर आहे. ज्या नावावर कधीकाळी यंत्रं यायची ते नाव कामावरून निवृत्त झालं तरी मरू देऊ नये. गाळा सोडला तरी काही वर्षं भाडं भरत राहावं, निदान दुसऱ्यानं तिथे आपलीच पाटी लावू नये म्हणून.

दुसरं बोट क्लायंट लिहिणाऱ्यांकडे. यांच्याबद्दल माझं मन थोडं मऊ आहे, कदाचित मी त्यांच्यातलाच असल्यामुळे. प्रत्येक प्रश्नाला आधी आयानाला विचारायचं म्हणजे दुप्पट फेऱ्या, आणि लाखो प्रश्न विचारणाऱ्या साधनाला ते परवडत नाही. यादी पोटात ठेवण्यामागे आळस असतो, पण कारणही असतं. फक्त ती यादी रात्री एकदा ताजी करणं अवघड नव्हतं. आयानाला 'मोबी' एवढंच विचारलं असतं तर तिनं नवा पत्ता दिला असता. ती कमांड एका ओळीत मावते : 'हूइज', मग सर्व्हर निवडण्याचा 'एच' पर्याय, आयानाचा सर्व्हर, आणि 'मोबी'.

माझा खरा राग आहे तो प्रमाणपत्र देणाऱ्या व्यवस्थेवर. ४३ नंबरच्या पोर्टवरून उघड्या मजकुरात आलेली, कुणाची सही नसलेली, साच्याचा पत्ता नसलेली एक ओळ. तिच्या जोरावर 'हा मायक्रोसॉफ्ट आहे' असं साऱ्या जगाच्या ब्राउझरना सांगायचं? १९८२ च्या प्रोटोकॉलनं कधी असा दावा केला नव्हता. तो बिचारा दूरध्वनीची डिरेक्टरी होता. डिरेक्टरीत नाव आहे म्हणून कुणी सातबारा देत नाही.

निस्तरणं

वॉचटॉवरनं प्रकरण जाहीर करण्याआधी आणि नंतर ब्रिटनच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्राशी आणि शॅडोसर्व्हर फाउंडेशन या ना-नफा सुरक्षा संस्थेशी बोलणं केलं. जुनं डोमेन शॅडोसर्व्हरच्या ताब्यात गेलं आणि जुन्या पत्त्यावर येणाऱ्यांना खऱ्या सर्व्हरचं उत्तर पुढे देण्याची सोय झाली. डोमेन नुसतं बंद केलं असतं तर काही महिन्यांनी पुन्हा मोकळं पडलं असतं, आणि पुढचा घेणारा ब्लॉग लिहीत बसला नसता.

प्रमाणपत्रांच्या बाबतीत हालचाल मला वाटलं त्यापेक्षा लवकर झाली. प्रमाणपत्र देणाऱ्या आणि ब्राउझर बनवणाऱ्या संस्थांच्या समाईक मंचावर गूगलच्या बाजूनं प्रस्ताव आला की हूइजमधल्या संपर्कावर विसंबणं बंद करा. सुरुवातीला मुदत १ नोव्हेंबर २०२४ सुचवली होती. एवढ्या घाईनं ज्यांची सोय मोडणार होती त्यांनी वेळ मागितला. शेवटी ठराव झाला तो दोन टप्प्यांचा : जानेवारी २०२५ पासून निर्बंध, आणि १५ जुलै २०२५ पासून हूइजचा संपर्क पडताळणीसाठी पूर्ण बंद.

योगायोगानं त्याच जानेवारीत, २८ तारखेला, आयकॅननं .कॉम, .नेट, .मोबी अशा सर्वसाधारण टीएलडींवरची हूइज चालवण्याची सक्ती काढून टाकली. हा निर्णय या प्रकरणामुळे झाला नाही, तो बराच आधी ठरला होता. अधिकृत जागा आता हूइजचा वारस असलेल्या आरडॅप या प्रोटोकॉलची. आरडॅप २०१५ मध्ये आरएफसीच्या मालिकेत लिहिला गेला. प्रश्न एचटीटीपीएसवरून जातो, उत्तर जेसनमध्ये येतं, म्हणजे साचा ठरलेला आणि वाट कुलूपबंद. कुणाला विचारायचं हे आयाना एका फाइलीत प्रसिद्ध करते आणि क्लायंटनं ती फाइल वेळोवेळी आणावी असं अपेक्षित असतं. टर्मिनलवर 'कर्ल'नंही काम भागतं, आणि 'आरडॅप' नावाची वेगळी कमांडही मिळते. दिसायला जेसन किचकट, पण 'जेक्यू'मधून गाळलं की वाचता येतं.

आरडॅपनं जुना पत्ता हा प्रकार संपेल का? अर्धा. वाटेत बदललेलं उत्तर पकडलं जाईल, साच्याचे घोळ संपतील. पण आयानाची ती फाइल एकदा उतरवून कोडमध्ये चिकटवणारा कुणीतरी असणारच, आणि एचटीटीपीएस असलं तरी मुदत संपलेलं डोमेन नव्यानं घेणाऱ्याला त्या नावाचं प्रमाणपत्र रीतसर मिळतं. डोमेन त्याचंच असतं ना.

माझ्या घरची झडती

हे सगळं वाचून झाल्यावर रविवारी सकाळी मी आमच्याच यंत्रांवर 'ग्रेप' ही मजकूर शोधणारी कमांड घेऊन बसलो. शोधायचं होतं एकच : कोडमध्ये आणि कॉन्फिगमध्ये हूइज सर्व्हरांची नावं हातानं कुठे लिहिलेली आहेत.

तीन जागा सापडल्या. पहिली जागा डोमेनची मुदत बघून आठवण पाठवणारी माझीच शेल स्क्रिप्ट होती. त्यात .इनसाठी सर्व्हरचं नाव मी स्वतः लिहिलेलं होतं, शेजारी टिप्पणी : 'तात्पुरतं'. तारीख सात वर्षांपूर्वीची. 'डिग' मारून पाहिलं तर ते नाव अजून उत्तर देत होतं, म्हणजे नशीब. ती ओळ काढली आणि आधी आयानाला विचारून मग पुढे जाईल अशी स्क्रिप्ट केली. पाच-सहा मिनिटांचं काम. दुसरी जागा एका पायथन लायब्ररीत होती. तिची नवी आवृत्ती आलेली होती, बसवली, झालं.

ग्रेप घातल्यावर दिसत नाहीत अशी यंत्रं उरतात, म्हणजे बंद डब्यात येणारी साधनं. त्यांच्यासाठी फायरवॉलवर एक नियम टाकला : आतून बाहेर ४३ पोर्टवर जाणारी प्रत्येक जोडणी नोंदवायची, अडवायची नाही. दोन दिवस नोंदी जमू दिल्या. बहुतेक ओळी आमच्याच माणसांच्या टर्मिनलवरून निघालेल्या, त्या ओळखीच्या. एक मात्र ओळखीची नव्हती. मेल गाळणाऱ्या पेटीकडून रात्रभर थोड्या थोड्या वेळानं बाहेर जोडण्या जात होत्या, वेगवेगळ्या सर्व्हरांकडे. त्यांतले दोन पत्ते मी आयानाच्या नोंदींशी ताडून पाहिले, तर त्या शेपट्यांसाठी आज आयाना दुसरीच नावं देते.

ही तिसरी जागा. पेटीच्या आत यादी आहे, पण ती उघडून दाखवायची सोय नाही. पुरवठादाराला लिहिलं, दोन्ही पत्ते जोडून. आठवड्यानं उत्तर आलं : पुढच्या आवृत्तीत बघतो. ती आवृत्ती आली, त्यात पडद्याचा रंग बदलला होता. त्या दिवशी संध्याकाळी मी फायरवॉलच्या त्याच नियमात पेटीपुरतं 'नोंदवा'च्या जागी 'अडवा' केलं. डोमेनच्या वयाची तपासणी त्यामुळे बंद पडली आणि महिन्यात दोन-चार स्पॅम जास्त येतात. हिशेबाच्या काकू त्याबद्दल कुरकुरतात. त्यांना सांगितलंय, पेटी बदलेपर्यंत हातानं उडवा.